वाटखर्च : प्रवासातील किरकोळ खर्च आणि इस्लामची शिकवण



शाळांना सुटी लागली की घरोघरी प्रवासाचे बेत आखले जातात. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या गावातूनही कुणी नागपूरला नातलगांकडे जाते, कुणी चिखलदऱ्याच्या थंड हवेत दोन दिवस काढते, तर कुणी मुलांना दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा दाखवावा म्हणून छत्रपती संभाजीनगरची वाट धरते. तिकिटाचे, मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे आधीच मोजून ठेवलेले असतात. तरीही परतल्यावर हिशेबाला बसले की आकडा जुळत नाही. मोठ्या खर्चात वाढ झालेली नसते. पाण्याच्या बाटल्या, सामान ठेवण्याचे भाडे, चुकलेल्या बसमुळे करावी लागलेली रिक्षा, तुटलेली चप्पल, मुलाच्या पोटदुखीचे औषध आणि वाहनतळाचे शुल्क, अशा दहा-वीस ठिकाणी पैसा झिरपून गेलेला असतो.

रक्कम फार मोठी नसते, पण तिची किंमत अनेकदा पैशाहून वेगळ्या गोष्टीत मोजावी लागते. पन्नास रुपयांवरून रिक्षाचालकाशी हमरीतुमरी होते. "तुम्हीच उशीर केलात" या एका वाक्यावरून पती-पत्नीत अबोला धरला जातो. मुलाने काही मागितले म्हणून चारचौघांत त्याच्यावर हात उगारला जातो. ज्या सहवासासाठी वर्षभर पैसे साठवले, तो सहवासच कडवट होतो. म्हणून किरकोळ खर्चाचा प्रश्न जितका खिशाचा आहे, तितकाच तो अखलाकचा, म्हणजे आचरणाचा आहे. पवित्र कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याबाबत आपल्याला काय सांगते, ते या लेखात पाहू.

शिदोरी घेऊन निघा

सूरह अल्-बकराच्या १९७ व्या आयतीत हजच्या आदेशांबरोबर अल्लाहने प्रवासाची शिदोरी सोबत घेण्याची आज्ञा दिली आहे आणि सर्वोत्तम शिदोरी तकवा, म्हणजे ईशभय असल्याचे सांगितले आहे. या आयतीची पार्श्वभूमी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनातून सहीह बुखारीत आली आहे. यमनहून काही लोक हजला येत, पण सोबत खाण्यापिण्याचे काहीही आणत नसत. आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवणारे आहोत, असे ते म्हणत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. त्यांच्याबाबत ही आयत अवतरली.

यातील बोध स्पष्ट आहे. तयारी न करणे याला तवक्कुल म्हणत नाहीत. तिर्मिजीत नोंदलेल्या हदीसनुसार एका माणसाने आदरणीय प्रेषितांना (स.) विचारले की, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की त्याला बांधून भरवसा ठेवू? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे मार्गदर्शन त्यांना मिळाले. आपल्या आजच्या प्रवासात उंट बांधणे म्हणजे अनपेक्षित खर्चासाठी आधीच रक्कम बाजूला काढणे होय.

हे कसे करावे? समजा, आपल्या सहलीचा अंदाजे खर्च बारा हजार रुपये आहे. त्यातील दहावा हिस्सा, म्हणजे बाराशे रुपये, वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्यावर 'वाटखर्च' असे लिहा. बाराशे रुपये पुरत नसतील, तर सहलीतील एखादे ठिकाण कमी करा, पण हे पाकीट रिकामे ठेवू नका. हे पैसे खर्च होणारच आहेत, असे मनाशी आधीच मान्य करा. मग पाण्याच्या बाटलीला किंवा रिक्षाला द्यावे लागलेले पैसे नुकसान वाटणार नाहीत. त्यातील निम्मी रक्कम तरी नोटांच्या रूपात असावी, कारण घाटात किंवा आडरस्त्यावर नेटवर्क गेले की मोबाईलमधील पैसा असून नसल्यासारखा होतो.

थोडी चौकशी केली तर काही 'अनपेक्षित' खर्च अनपेक्षित राहतही नाहीत. अजिंठ्याच्या लेण्या सोमवारी आणि वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात. हे माहीत नसेल तर एक मुक्काम वाढतो. अजिंठ्याला आपले वाहन थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ते उभे करून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. म्हणजे वाहनतळ आणि बस हे दोन खर्च आधीच धरायला हवेत. दुसरीकडे, पंधरा वर्षांखालील मुलांना या लेण्यांत प्रवेश-शुल्क नाही. राज्यात एसटीने जाताना महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट पडते, तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. मात्र आजीचे आधार कार्ड घरी राहिले, तर ही सवलत हातची जाते. निघण्यापूर्वी दहा मिनिटे कागदपत्रे तपासणे हाही शिदोरीचाच भाग आहे.

प्रवासात कष्ट असणारच

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) प्रवासाला यातनेचा एक तुकडा म्हटले आहे, कारण तो माणसाची झोप आणि खाणेपिणे हिरावून घेतो. म्हणून काम संपताच प्रवाशाने लवकर आपल्या घरी परतावे (बुखारी, मुस्लिम). प्रवास कितीही आनंदाचा असला तरी त्यात गैरसोय असणारच, हे या हदीसमधून कळते. घरी मिळणारी व्यवस्था रस्त्यावर जशीच्या तशी मिळावी अशी अपेक्षा घेऊन निघणारा माणूस प्रत्येक थांब्यावर दुखावला जातो.

शरीअतने ही अडचण ओळखली आहे. प्रवाशाला चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींत अदा करण्याची सवलत आहे. रमजानचा रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. अल्लाहने स्वतःच्या हक्कात प्रवाशाला इतकी सूट दिली असेल, तर आपण आपल्या सोबत्यांना थोडी सूट द्यायला नको का?

निघताना प्रेषित (स.) जी दुआ करीत, तिच्याकडेही लक्ष द्या. हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितलेल्या आणि सहीह मुस्लिममध्ये नोंदलेल्या त्या दुआत प्रवासाच्या कष्टापासून आणि परतल्यावर संपत्ती व कुटुंब यांची वाईट अवस्था पाहावी लागण्यापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. संपत्ती आणि कुटुंब हे दोन शब्द तिथे शेजारी-शेजारी आले आहेत. प्रवासातील खर्चाचा ताण बहुधा याच दोन ठिकाणी एकदम जाणवतो. ही दुआ वाहनात बसताना मुलांकडून म्हणवून घ्या आणि तिचा अर्थही त्यांना मराठीत समजावून सांगा.

पैसा एकाच्या हाती, सल्ला सर्वांचा

तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यापैकी एकाला अमीर नेमावे, अशी हदीस हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदमध्ये आली आहे. सहलीत पैशाच्या बाबतीत या आज्ञेचा उपयोग पदोपदी होतो. वडील एकीकडे, आई दुसरीकडे आणि मोठा मुलगा मोबाईलवरून तिसरीकडे पैसे देत राहिला, तर किती गेले याचा पत्ता लागत नाही. वाटखर्चाचे पाकीट एकाच्याच हाती असावे. ती व्यक्ती घरातील गृहिणी असेल तर उत्तमच, कारण थोडक्यात भागवण्याचा सराव तिला रोजचाच असतो. खर्चाचा निर्णय सर्वांना विचारून व्हावा आणि झाल्यावर त्याविषयी कुणी कुरकुर करू नये.

सूरह अल्-कहफमधील गुहावासियांचा प्रसंग येथे मार्गदर्शक आहे. दीर्घ निद्रेतून जागे झालेल्या त्या तरुणांनी भूक लागल्यावर आपल्यातील एकाला चांदीचे नाणे देऊन शहरात पाठवले. त्याला तीन गोष्टी सांगितल्या : सर्वांत शुद्ध अन्न कुठे मिळते ते पाहावे, त्यातून काही घेऊन यावे आणि वागण्यात सौम्यता व सावधपणा ठेवावा (आयत १९). परक्या ठिकाणी पैसा खर्च करण्याची रीत या एका आयतीत आली आहे. पैसा जबाबदार व्यक्तीच्या हाती असावा. अन्न हलाल आणि स्वच्छ असावे. ते शोधण्यासाठी थोडे अधिक चालावे लागले किंवा थोडे अधिक पैसे पडले तरी चालेल. आणि व्यवहार मृदू भाषेत व्हावा.

खर्च समोर आला की

आता खऱ्या कसोटीकडे वळू. बस चुकली, रात्र झाली आणि रिक्षाला दोनशे रुपये जास्त द्यावे लागले. अशा वेळी पहिले वाक्य कोणते निघते? बहुधा "तसे केले असते तर..." हेच. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) श्रद्धावंताला उपदेश केला आहे की, जे लाभदायक आहे त्यासाठी झटावे, अल्लाहची मदत मागावी आणि काही विपरीत घडलेच तर 'असे केले असते तर तसे झाले असते' असे म्हणू नये, कारण हा 'तर' शैतानाच्या कामाला दार उघडून देतो. घडून गेलेल्या गोष्टीतून पुढच्या वेळेसाठी धडा घेणे वेगळे आणि तिच्यावरून माणसाला दोष देत बसणे वेगळे. पहिले काम घरी परतल्यावर शांतपणे करता येते. दुसरे टाळले की दोनशे रुपयांचे नुकसान दोनशेवरच थांबते.

रिक्षाचालक, हमाल, ढाबेवाला यांच्याशी बोलतानाही हेच भान हवे. खरेदी, विक्री आणि आपल्या हक्काची मागणी करताना सौम्य राहणाऱ्या माणसासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे (बुखारी). भाडे आधी ठरवून घ्यावे, कारण ठरवणे हा आपला हक्क आहे. ठरल्यावर मात्र उतरताना त्यातून दहा रुपये कापू नयेत. ओझे उचलणाऱ्याचे पैसे लगेच द्यावेत. मजुराला त्याचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची आज्ञा इब्ने माजामधील हदीसमध्ये आहे. कुणी छापील किमतीपेक्षा जास्त मागत असेल तर ठामपणे नाही म्हणावे, पण शिवीगाळ करू नये. आपला हक्क मागतानाही आपली भाषा आपल्या दीनची ओळख करून देत असते.

आणखी एका मोहाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. रेल्वेतही याच वयाच्या मुलाला स्वतंत्र जागा न घेतल्यास अर्धे आणि घेतल्यास पूर्ण भाडे पडते. काही पालक सहा वर्षांच्या मुलाला शिकवतात की, "वाहकाने विचारले तर साडेचार सांग." काही रुपये वाचतात, पण मुलाने त्या दिवशी काय शिकले? अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) आपल्या लहानपणीची गोष्ट सांगतात. प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईने त्यांना काहीतरी देते म्हणून हाक मारली. काय देणार आहात, असे प्रेषितांनी (स.) विचारले. खजूर, असे उत्तर आईने दिले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, काही दिले नसते तर हे तुमच्या नावे एक खोटे म्हणून लिहिले गेले असते (अबू दाऊद). लहान मुलाला बोलावतानाचे खोटे जिथे लिहिले जाते, तिथे त्याच्याच तोंडून बोलवलेल्या खोट्याचे काय? अर्ध्या तिकिटाचे पैसे वाटखर्चाच्या पाकिटातून द्या. प्रामाणिकपणाचा असा धडा मुलाला इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

उधळपट्टी नको, कृपणताही नको

सूरह अल्-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते खर्च करताना उधळपट्टी करीत नाहीत आणि हातही आखडत नाहीत; या दोहोंच्या मधल्या समतोलावर ते असतात. सूरह बनी इस्राईलच्या २९ व्या आयतीतही हात मानेला बांधून ठेवण्यास आणि पूर्णपणे मोकळा सोडण्यास एकाच वेळी मनाई केली आहे.

प्रवासात माणूस या दोन्ही टोकांना जातो. पहिल्या दिवशी सुटीच्या उत्साहात जे दिसेल ते घेतले जाते आणि तिसऱ्या दिवशी मुलाच्या कुल्फीवरही बंदी येते. दोन्ही वेळा चूक एकच असते : गरज आणि हौस यांची वाटणी केलेली नसते. औषध, सुरक्षित वाहन, स्वच्छ पाणी आणि वृद्धांसाठी बसण्याची सोय ही गरज आहे. येथे काटकसर करू नये. रणरणत्या उन्हात आजीला दोन किलोमीटर चालायला लावून वाचवलेले तीस रुपये ही बचत नव्हे. हौस मात्र ठरवलेल्या रकमेत बसवावी. प्रत्येक मुलाच्या हाती दिवसाकाठी ठरावीक पैसे द्या आणि ते कशावर खर्च करायचे हे त्याला ठरवू द्या. सकाळीच खेळण्यावर सारे उडवले तर संध्याकाळी थांबावे लागते, हे त्याला उपदेशाशिवाय कळेल.

अल्लाहच्या प्रसन्नतेच्या आशेने आपल्या कुटुंबावर केलेला खर्च हा सदका ठरतो, अशी शुभवार्ता बुखारीतील हदीसमध्ये आहे. त्यामुळे मुलांना दिलेल्या माफक आनंदाबद्दल मनात खंत बाळगू नये. हेतू चांगला ठेवला तर तोही पुण्याच्या खात्यात जमा होतो.

पैसे अपुरे पडले तर

पुरेशी तयारी करूनही कधी पाकीट हरवते, कधी आजारपण येते. अशा वेळी संकोचाने कुढत बसू नये. हजरत मूसा (अ.) यांच्यासारख्या थोर प्रेषितांनीही प्रवासात थकल्याचे आपल्या सोबत्याला सांगितले आणि न्याहारी मागितली. पुढे ते आणि त्यांचे मार्गदर्शक एका वस्तीत जेवण मागण्यासाठी गेले, पण वस्तीने त्यांना नकार दिला. हे दोन्ही प्रसंग सूरह अल्-कहफमध्ये आहेत (आयत ६२ आणि ७७). वाटेवर गरज भासणे यात कमीपणा नाही.

पहिला मार्ग सोबत्यांनी एकत्र येण्याचा आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे सहाबांची तुकडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली होती. वाटेत शिधा संपत आला. तेव्हा त्यांनी सर्वांजवळचे अन्न एकत्र जमा करवले आणि रोज थोडे-थोडे वाटले. शेवटी दर माणशी एकच खजूर येऊ लागला. तोही संपला तेव्हा त्या एका खजुराची किंमत कळली, असे हजरत जाबिर (रजि.) सांगतात. नंतर अल्लाहने त्यांना समुद्रातून एक प्रचंड मासा दिला आणि कित्येक दिवस सर्वांनी तो खाल्ला (बुखारी). दोन-तीन कुटुंबे मिळून निघाली असतील आणि एकाची अडचण झाली, तर हा आदर्श समोर ठेवावा. मदत अशी करावी की घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही.

दुसरा मार्ग उसनवारीचा. येथे सूरह अल्-बकराची २८२ वी आयत ध्यानात ठेवावी. ठरावीक मुदतीचे देणे लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये, असे तीत बजावले आहे. प्रवासातील उसनवारी नेमकी लहान असते, म्हणूनच ती विसरली जाते. तीनशे रुपये देणारा मागायला लाजतो, घेणारा विसरतो आणि वर्षानुवर्षांच्या मैत्रीत किल्मिष येते. घेतले त्याच क्षणी मोबाईलमध्ये किंवा वहीत रक्कम, नाव आणि परतीची तारीख लिहावी आणि घरी पोहोचताच आधी ती फेडावी.

तिसरा आधार खुद्द अल्लाहने ठेवला आहे. सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटसरू, हाही एक आहे. घरी सुस्थितीत असलेला, पण प्रवासात ज्याचा आपल्या पैशाशी संबंध तुटला आहे असा माणूस गरजेपुरती जकात घेऊ शकतो, असे फकीहांनी स्पष्ट केले आहे. प्रवास पापकर्मासाठी नसावा, ही अट त्यांनी सांगितली आहे. कर्ज मिळण्यासारखे असेल तर ते घेणे अधिक बरे, असेही काही विद्वानांचे मत आहे. प्रत्यक्ष प्रसंगी जवळच्या मशिदीतील इमाम साहेबांचा किंवा जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

आपल्या गावातून जाणारा वाटसरू

आतापर्यंत आपण स्वतःला प्रवासी मानून विचार केला. आता बाजू बदलून पाहू. आपले कळंब नागपूर–यवतमाळ महामार्गावर वसले आहे. श्री चिंतामणीच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येथे येतात. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचे लोकार्पण झाले आणि गावाला रेल्वेही मिळाली. म्हणजे रोज कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या दुकानासमोर, रिक्षासमोर, पंक्चरच्या टपरीसमोर उभा राहतो. त्याचा अनपेक्षित खर्च ही आपली कमाई असते.

ती कमाई रास्त असावी. परगावचा आहे, पुन्हा येणार नाही, भाव माहीत नाही, म्हणून जास्त सांगणे हा त्याच्या अगतिकतेचा गैरफायदा आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांचे कथन आहे. एका प्रवासात एक माणूस सांडणीवरून आला आणि आशेने उजवी-डावीकडे पाहू लागला. तेव्हा प्रेषितांनी (स.) फर्मावले की, ज्याच्याकडे जादा वाहन असेल त्याने वाहन नसलेल्याला द्यावे आणि ज्याच्याकडे जादा शिधा असेल त्याने शिधा नसलेल्याला द्यावा. त्यांनी मालाचे इतके प्रकार सांगितले की, जादा वस्तूवर आपला काही हक्कच नाही असे सहाबांना वाटू लागले. त्या माणसाने तोंडाने मागितल्याचा उल्लेख या कथनात नाही. त्याची नजरच पुरेशी ठरली.

वाटसरूशी चांगले वागण्याची कुरआनची आज्ञा त्याचा धर्म विचारून अमलात आणायची नाही. मंदिराकडे निघालेल्या वृद्ध जोडप्याला योग्य भाड्यात नेऊन सोडणे, उन्हात थांबलेल्या मुलाला गार पाणी देणे आणि रात्री चुकलेल्या कुटुंबाला बसस्थानकाचा रस्ता दाखवणे, ही आपल्या दारातली इबादत आहे. परगावी आपल्याशी जसे वागले जावे असे वाटते, तसे आपण येथे वागून दाखवू.

कुटुंबात चर्चा आणि आचरणासाठी

१. पुढील प्रवासाचा अंदाज कुटुंबाने एकत्र बसून काढावा आणि वाटखर्चाचे पाकीट सर्वांसमोर वेगळे करावे.

२. पैशाचा अमीर कोण, हे निघण्यापूर्वी ठरवावे.

३. प्रवासाची दुआ अर्थासह पाठ करावी.

४. 'असे केले असते तर' हे शब्द प्रवासात कुणीही उच्चारू नयेत, असा ठराव मुलांसह सर्वांनी करावा.

५. उसने घेतलेले पैसे लिहावेत आणि परतताच फेडावेत.

६. वाटखर्चाच्या पाकिटात काही शिल्लक राहिले तर त्यातील काही भाग सदका म्हणून अशा हाती द्यावा, ज्याला गावाबाहेरची सुटी कधी लाभत नाही.

हे अल्लाह! आमचे प्रवास सुलभ कर, आमच्या कमाईत आणि खर्चात बरकत दे, वाटेवर आमच्या जिभेचे रक्षण कर आणि परतल्यावर आमचे घर व कुटुंब सुखरूप दाखव. आमीन.